डबलबारीत पकडलेला पालक

माझ्या आवाजाबद्दल घाटकोपरच्या डोंगरावर बऱ्याच दंतकथा आहेत आणि त्यांतल्या निम्म्या मीच पसरवल्या आहेत. मी तिसऱ्या मजल्यावर हजेरी घेतली की खाली रस्त्यावरचा रिक्षावाला 'हजर' म्हणतो, ही खरी आहे. एकदा मी खिडकीतून 'गप्प बसा' ओरडले आणि मेट्रो दोन मिनिटं स्टेशनातच उभी राहिली, ही थोडी वाढवलेली आहे. एकच मिनिट उभी होती. मराठी शाळेत बावीस वर्षं काढून मला एक काम झोपेतही जमतं, ते म्हणजे पालकांना बोलावून घेणं. त्यांच्याशी बोलता येतं का, हे मला कधी कुणी विचारलं नाही. मी तरी स्वतःला कशाला विचारतेय?

मध्यंतरी आम्हाला 'पालकांशी सुसंवाद' या विषयावर प्रशिक्षण झालं. तीन दिवस, एसी हॉल, दुपारी बटाटेवडे. साहेबांनी फळ्यावर एका बाजूला शाळा काढली, दुसऱ्या बाजूला घर काढलं, मध्ये पूल काढला आणि पुलावर दोन्ही दिशांना बाण काढले. मी तो पूल वहीत रंगीत पेनांनी उतरवून घेतला. सोमवारी शाळेत आले आणि मधल्या सुट्टीच्या आत त्याच पुलावरून तीन पालकांना फरफटत आणवलं.

माझी पद्धत साधी होती. आधी डायरीत शेरा. मग फोन. मग पोराला सांगायचं, उद्या वडिलांना आणल्याशिवाय वर्गात बसायचं नाही. ऑफिससमोर एक बाक आहे. त्यावर पालकाला पंधरा मिनिटं शिजू द्यायचं. मी आतून त्याच्याकडे बघत चहा प्यायची. पंधरा मिनिटांनी तो इतका मऊ झालेला असायचा की मी काहीही म्हटलं तरी 'होय बाई' म्हणायचा. याला मी सुसंवाद म्हणत होते.

या बाकावर सगळ्यांत जास्त वेळा शिजलेला माणूस म्हणजे बुवा. वडील गिरणीत होते, स्वतः पवईच्या काचेच्या ऑफिसांत हाऊसकीपिंगचे सुपरवायझर. पण ही झाली पोटापाण्याची ओळख. खरे ते भजनी मंडळाचे बुवा. पेटीवर बसले आणि गळा उघडला की डोंगरावरची कुत्रीसुद्धा बसून घेतात. सगळा डोंगर त्यांना बुवा म्हणतो, म्हणून मीही बुवाच म्हणते.

त्यांचा थोरला मुलगा माझ्या वर्गात होता. पोरगा म्हणजे एक आपत्ती. एकदा त्याने शाळा सुटायची घंटा चाळीस मिनिटं आधी वाजवली आणि अख्खी शाळा घरी गेली. मीही गेले होते, पण तो वेगळा मुद्दा. दुसऱ्या वेळी प्रयोगशाळेतल्या सांगाड्याला मुख्याध्यापकांचा कोट चढवून त्याला ऑफिसात खुर्चीवर बसवलं, आणि एका पालकाने दहा मिनिटं त्याच्याशी दाखल्याबद्दल चर्चा केली. एका वर्षात मी बुवांना अकरा वेळा बोलावलं. म्हणजे त्यांच्या कामाचे अकरा खाडे. दर वेळी ते यायचे, बाकावर बसायचे, 'होय बाई' म्हणायचे.

अकराव्या वेळी माझं डोकं फिरलेलं होतं. दुसरे सात पालक उभे होते. त्यांच्यादेखत मी म्हणाले, "पेटी बडवायला वेळ आहे, पोराकडे बघायला नाही!"

बुवा 'होय बाई' म्हणाले नाहीत. पिशवी उचलली आणि गेले. त्यानंतर ते शाळेत आले नाहीत. मुलगा पास झाला, शाळेतून सुटला, मीही विसरले.

बुवा विसरले नव्हते. तीन वर्षांनी त्यांची मुलगी नववीला माझ्या वर्गात आली, तेव्हा कळलं.

ही मुलगी भावाच्या अगदी उलट. वर्गात इतकी गप्प की दोन महिने मला वाटत होतं त्या बाकावर दप्तर ठेवलंय. पण मैदानात! खो-खोच्या पाटीत बसलेली मुलगी 'खो' ऐकताच उठायची ती दिसायचीच नाही, एकदम समोरच्याच्या पाठीवर तिची थाप दिसायची. खांबाला असा वळसा घालायची की खांबालाच चक्कर यावी. आमचे क्रीडाशिक्षक, म्हणजे तोंडाने कमी आणि शिट्टीने जास्त बोलणारे सर, ते मला म्हणाले, "बाई, असं पोर दहा वर्षांत एकदा येतं." त्यांनी हे शिट्टी तोंडातून काढून सांगितलं, म्हणून मी विश्वास ठेवला.

चोवीस जानेवारीला दुपारी सर धावतच स्टाफरूममध्ये आले. मुलीची उपनगरच्या संघात निवड झाली होती. राज्याची स्पर्धा, सांगलीकडे. सत्तावीसला पहाटे निघायचं.

"आणि हे संमतीपत्र," सरांनी कागद पुढे केला. "आई आणि वडील, दोघांच्या सह्या, त्याही शिक्षकांसमोर. सव्वीसला पाचच्या आत माझ्याकडे फोटो आला पाहिजे. पाचला मी यादी पुढे पाठवणार. सही नसेल तर राखीव पोरगी जाईल."

"एवढंच ना? आणते."

मी मुलीला बोलावलं, बातमी सांगितली. तिचा चेहरा दिवाळी झाला आणि लगेच विझला.

"पप्पा नाही म्हणतील?" मी विचारलं.

"पप्पा नाही म्हणणार नाहीत, बाई. पप्पा भेटणारच नाहीत."

"म्हणजे?"

"शाळेतून कोण आलं की ते जातात."

मी हसले. बावीस वर्षांत माझ्या हातून एकही पालक सुटलेला नव्हता. तिथल्या तिथे बुवांना फोन लावला. दोन रिंग झाल्या, फोन उचलला गेला आणि पलीकडून आवाज आला, "आपण ज्या ग्राहकाशी संपर्क करू इच्छिता, तो सध्या कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे."

मी फोन ठेवणारच होते. पण कंपनीच्या बाईचा आवाज इतका सुरेल मी कधी ऐकला नव्हता. 'बाहेर आहे' वर तिने एक छोटीशी तान घेतली होती. आणि तिला खोकला आला.

"बुवा!" मी ओरडले.

"कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा," म्हणून बाईने फोन कापला.

त्यानंतर मी सतरा वेळा प्रयत्न केला. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'पालकांनी तातडीने भेटावे.' याचा परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर नऊ पालक शिजायला आले. सगळे घाबरलेले, कुणाचंच काही काम नव्हतं. एकाने तर मला बघताच मुलाच्या वतीने माफी मागून टाकली. कशाबद्दल, ते त्यालाही माहीत नव्हतं. बुवा सोडून सगळे आले.

मग मी पंचवीसच्या संध्याकाळी डोंगर चढले.

डोंगराच्या चाळी पायऱ्यांवर वसलेल्या आहेत. पायऱ्या मी मोजल्या नाहीत, पण गुडघ्यांनी रात्री आकडा सांगितला, पाचशेच्या वर होता. बाई चढतेय ही बातमी बाईच्या पुढे चढते. प्रत्येक घरात पुस्तकं उघडली जातात, टीव्ही बंद होतात, आणि ज्या आयांना खात्री वाटत नाही त्या आधीच एक धपाटा घालून ठेवतात, म्हणजे नंतर घाई नको. मी पाचव्या वळणावर पोचेपर्यंत डोंगरावर सात पोरांनी मार खाल्ला होता. त्यातली दोन आमच्या शाळेची नव्हती. वर प्रत्येक दारात चहा. नाही म्हणायची सोय नाही, नाही म्हटलं तर 'बाई आमच्याकडचा चहा पिवक नाय' अशी कायमची नोंद होते. बुवांच्या दारात पोचले तेव्हा माझ्या पोटात चहाचं तळं झालं होतं आणि चालताना त्याचा आवाज येत होता.

"येवा बाईनू, बसा," बुवांची बायको म्हणाली. उंच, सडपातळ, मुलगी कुणावर गेलीय ते लगेच दिसलं. पोळी-भाजी केंद्रात काम करते, घरी येऊन पुन्हा स्वयंपाक. त्या वेळी खाली बसून विळीवर नारळ खवत होती.

घरात पंखा फिरत होता. पंख्याखाली चटई. चटईवर अर्धा प्यालेला चहा, त्यातून वाफ निघत होती.

"बुवा?"

"गेले आताच."

"कुठे?"

"खय ता सांगूक नाय. तुमचो आवाज खालच्या नळार ऐकाक इलो, तसे उठले." मागच्या दाराकडे तिने मान केली. मागच्या दाराबाहेर एका शेजाऱ्याचं पत्र्याचं छप्पर होतं. ते अजून हलत होतं.

"अहो, पण मी चांगली बातमी घेऊन आलेय!"

"ता तेंका कसा कळतला?" ती खवत राहिली. "अकरा वेळा बोलवलात, एकदा तरी चांगला सांगूक बोलवलात?"

विळीवरून नारळाचा कीस पडत होता. मी दुसरीकडून सुरुवात केली. म्हटलं, बरं, निदान तुम्ही तरी सही करा.

"माझी सय मगे. आधी तेंची. नायतर म्हणतले, माका न इचारता पोरीक धाडलास." मग नारळाची कवटी उलटी ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. "उद्या आमचो सत्यनारायण. दुपारी डबलबारी आसा."

"मग?"

"बुवा बारीर बसतले. बारीर बसलेल्या बुवाक उठाक गावना नाय, बाईनू. मधीच उठलो, तो हरलो."

ती पुन्हा खवायला लागली. चेहऱ्यावर काही नव्हतं. आतल्या खोलीतून मात्र मुलीचा फिसकन हसल्याचा आवाज आला.

ज्यांना डबलबारी माहीत नाही, त्यांच्यासाठी: कोकणातली दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात. प्रत्येकाचा एक बुवा, पेटी, पखवाज, टाळकरी. आधी देवाचं भजन होतं आणि मग शेवटच्या गजरात दोघे बुवा एकमेकांची जी काही काढतात, की देवानेही कान द्यावा. एक टोमणा गातो, दुसऱ्याने तिथल्या तिथे गाऊन परतवायचा. अडखळला, हसला, उठला, की गेला. एरवी हे रात्रभर चालतं, पण चाळीत दहावीची सात-आठ मुलं होती, म्हणून कमिटीने दुपारची वेळ ठरवली होती.

सव्वीसला सकाळी आम्ही झेंडा लावला, जिलेबी खाल्ली, मी भाषण केलं (माइक नव्हता, लागला नाही). दीड वाजता कडक इस्त्रीची पांढरी साडी, छातीवर तिरंगा आणि पर्समध्ये संमतीपत्र घेऊन मी पुन्हा डोंगर चढले. या वेळी एक शब्दही न बोलता. आयुष्यात तेवढा अर्धा तासच मी गप्प राहिलेय.

चाळीच्या चौकात मांडव होता. शेदोनशे माणसं, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, पोरं सगळीकडे. मी खांबाच्या आड उभी राहिले. समोर बुवा. जाकीट, कपाळाला बुक्का, डोळे मिटलेले, बोटं पेटीवर. माझ्या बाकावर बसणारा माणूस आणि हा माणूस एक आहेत, यावर माझा विश्वास बसेना. ते 'होय बाई' म्हणणारे खांदे कुठे गेले? आवाज असा लागला होता की मला स्वतःच्या आवाजाची पहिल्यांदा थोडी लाज वाटली.

गजर सुरू होईपर्यंत साडेतीन झाले. मी खांबाआडून बाहेर आले आणि बायकांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसले.

बुवांनी डोळे उघडले. मला बघितलं. पेटीतून एक असा सूर निघाला जो कुठल्याही रागात नाही.

त्यांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मागे पखवाजवाला, पुढे पेटी, मध्ये स्वतःची इज्जत. उठता येत नव्हतं. समोरचा बुवा, मुलुंडहून आलेला, मिशीवाला, बेरकी, त्याने हा गोंधळ टिपला. त्याने बुवांची नजर पकडली, ती माझ्यापर्यंत आणली, माझ्या मांडीवरचा कागद बघितला, शेजारच्या टाळकऱ्याच्या कानात काही विचारलं, उत्तर ऐकून त्याची मिशी फुलली, आणि तो सुटला:

"शाळेमधुनी बाई आल्या, हातामधी कागद लांब!
बुवा, काय तुझं चुकलं? अंगठे धरून थांब!"

मांडव कोसळायचाच बाकी राहिला. पखवाजवाल्याने शेवटच्या 'थांब'वर अशी थाप दिली की बायकांच्या रांगेतली तान्ही मुलं जागी झाली. आता परतवायची पाळी बुवांची. त्यांनी घाम पुसला, गळा साफ केला आणि, माझ्याकडे न बघता, गायले:

"लेकापायी अकरा वेळा शाळेमधे गेलो रे,
बाईंपुढे उभा राहून पदवीधर झालो रे!"

सगळे हसले. मीही हसले. कारण हसले नसते तर दुसरं काहीतरी केलं असतं, आणि कडक इस्त्रीच्या साडीत ते शोभलं नसतं.

मुलुंडच्या बुवाने हात वर केला. "बारी थांबवा! पाहुण्या बाईंना माइक द्या. बघूया, अजून किती डिग्र्या बाकी आहेत!"

माइक माझ्या हातात आला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे माइक होता आणि आवाज नव्हता. मी म्हणाले, "बुवा, तुमची मुलगी उपनगरच्या खो-खोच्या संघात निवडली गेलीय. राज्याच्या स्पर्धेला. उद्या पहाटे निघायचंय. तुमची सही हवीय."

मग टाळ्या. शिट्ट्या. मागून कुणीतरी ओरडलं, "वाट लावून ये गं सगळ्यांची!"

बुवांच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही. त्यांनी स्वतःचा माइक हाताने झाकला, पुढे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "ता मगे. आधी तक्रार सांगा."

"तक्रार नाहीये."

"बाई, मी अकरा वेळा इलंय. तक्रार असताच."

"नाही हो! खरंच नाही."

"मगे कागद कसलो?"

"संमतीपत्र! वाचा ना!"

"वाचतंय. पण आधी तक्रार." त्यांच्या डोळ्यांत अविश्वास होता, आणि तो रागातला नव्हता. माणूस सवयीने उन्हात डोळे बारीक करतो ना, तसा. आकाशात ढग आले तरी बारीकच राहतात. "माका आधी सांगा. मगे सय झाल्यार भायेर काढशात. माका म्हायत आसा."

घड्याळात पावणेचार. मी मुलीकडे बघितलं. ती बायकांच्या मागे भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात पाठीमागे, खो मिळायची वाट बघत असल्यासारखी. या पोरीबद्दल तक्रार आणायची कुठून? ही तर वर्गात श्वाससुद्धा परवानगी घेऊन घ्यायची. पण शिक्षिका म्हणून बावीस वर्षं फुकट घालवलेली नव्हती.

"आहे," मी म्हणाले. "एक आहे. वर्गात खिडकीतून बाहेर बघत बसते."

बुवांचा चेहरा उजळला. देवाशपथ, माणसाला लॉटरी लागल्यावर उजळत नसेल तेवढा. "बघ!" ते बायकोच्या दिशेने ओरडले, आणि हात माइकवरून निघाला होता म्हणून सगळ्या मांडवाने ऐकलं. "बघ गे! म्हटलंय नाय मी! खिडकीतसून बघता!" मग माझ्याकडे वळून, एकदम मोकळे, "बघता ती बघताच, बाई. घरीपण बघता. समजावतंय मी तिका. आणा तो कागद."

पेटीच्या पाटीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. एक ओळही वाचली नाही. आणि नावाआधी 'बुवा' लिहिलं, तसं ते कार्यक्रमाच्या बॅनरवर लिहितात.

"बुवा," मी हळूच म्हणाले, "ते पेटीबद्दल मी जे बोलले होते, तेव्हा..."

"बारी सुरू करा," ते म्हणाले. पण मग पेटीकडे बघत पुढे म्हणाले, "गाणा कसा वाटला?"

"झकास."

"होय बाई," ते म्हणाले, आणि सूर लावला.

मी कागद घेऊन जिंकल्यासारखी मांडवामागे गेले. तिथे प्रसादाचा शिरा घोटला जात होता आणि बुवांची बायको मोठ्या डावाने तो ढवळत होती. चार वाजून गेले होते.

"झाली सही!" मी कागद नाचवला. "आता तुमची. इथे, खाली."

तिने डाव दुसऱ्या बाईकडे दिला. पदराला हात पुसले. कागद घेतला, आणि वाचायला लागली. पुढची बाजू. मग मागची, जी मीही वाचलेली नव्हती. मग परत पुढची.

"राहतली खय?"

"तिथे... एका शाळेत सोय आहे. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे? झोपतली खय?"

"हॉलमध्ये असेल."

"मुलगे आणि मुली एकाच इमारतीत?"

मला माहीत नव्हतं.

"बाथरूमाक आतसून कडी आसा?"

मला माहीत नव्हतं.

"तिची पाळी तीस तारखेक येतली. खेळाच्या मधी इली तर तिणा सांगूचा कोणाक?"

मी फोन काढला आणि सरांना लावला. प्रश्न ऐकून सरांच्या तोंडातली शिट्टी आपोआप वाजली. मग म्हणाले, "बाई, हे आजपर्यंत कुणी विचारलं नाही."

फोन स्पीकरवर होता. "म्हणान मी इचारतंय," ती म्हणाली. "सोबत बाईमाणूस कोण आसा?"

"मॅनेजर म्हणून एका सरांचं नाव आहे... लेडी टीचर अजून ठरलेल्या नाहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. बघण्यात राग नव्हता, विनवणी नव्हती, नुसतं मोजमाप होतं. खांबाला वळसा घालायच्या आधी तिची मुलगी तसंच बघते.

"मगे तुमी जावा."

"मी?" माझ्या डोळ्यांपुढे घर आलं, परवाचं हळदीकुंकू आलं, बहिणीला बोरिवलीहून बोलावलेलं होतं ते आलं, आणि सांगलीच्या थंडीत फरशीवर झोपलेली मी आले, गुडघ्यांसकट. "अहो, मला कसं जमेल? माझं परवा घरी..."

"तुमका जमणा नाय," ती शांतपणे म्हणाली. "तिका एकटीक जमतला? मी सय कशी करू?"

सव्वाचार. मांडवातून बुवांचा आवाज येत होता, पूर्ण तापलेला. मुलगी आता मांडवाच्या टोकाला येऊन उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती, आईकडेही नाही. कागदाकडे बघत होती.

तेव्हा मला जे समजलं, ते तीन दिवसांच्या एसी हॉलमध्ये बटाटेवडे खाऊन समजलं नव्हतं. बावीस वर्षं मी बापांच्या मागे पळत होते. बापांनी वाचल्याशिवाय सह्या केल्या. जी वाचणार होती, विचारणार होती, तिला मी एकदाही बाकावरसुद्धा बसवलं नव्हतं. डायरीत कायम लिहिलं, 'वडिलांना घेऊन ये.'

"तुम्ही किती शिकलात?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"धावी. माझा अक्षर शाळेत पयला होता." तिने हात पुढे केला. "पेन द्या."

मला वाटलं, सही करतेय. तिने कागद उलटा केला, शिऱ्याच्या पातेल्याच्या झाकणावर ठेवला आणि मागच्या कोऱ्या जागेवर लिहायला लागली. खरंच सुंदर अक्षर, छापल्यासारखं. एक, वर्गशिक्षिका बाई सोबत जातील व मुलींच्या खोलीतच झोपतील. दोन, बाथरूमला कडी नसेल तर बाई बाहेर उभ्या राहतील. तीन, रोज संध्याकाळी सातला आईला फोन. चार, बुडालेला अभ्यास बाई भरून काढतील. खाली रेघ मारली, आणि कागद माझ्यापुढे केला.

"सय करा."

आजपर्यंत हजारो पालकांच्या सह्या घेतल्या असतील मी. बाकावर, उभ्याने, रडताना, फोनवर बोलताना. माझी सही कुणी घेतली नव्हती. मी नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. तिने ते तपासलं. मग कागद पलटला आणि बुवांच्या सहीखाली स्वतःची केली.

चार पंचावन्नला सरांना दोन्ही बाजूंचे फोटो गेले. सरांचं उत्तर आलं, 'मागचं काय आहे?' मी लिहिलं, 'अटी. मान्य आहेत.'

मुलीने आईला मिठी वगैरे मारली नाही. ती सरळ शिऱ्याच्या पातेल्याकडे गेली, डाव घेतला आणि आईच्या जागी ढवळायला लागली. आईने फक्त तिच्या मानेवरची वेणी सरळ केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सांगलीकडच्या त्या शाळेत पोचलो. बॅग खाली ठेवायच्या आधी मी बाथरूममध्ये गेले. कडी होती. मी ती आतून लावली, दार हलवून बघितलं, मग मुलीला आत उभं करून कडी लावायला सांगितली आणि बाहेरून खांद्याने ढकलून बघितलं. माझ्या खांद्याने दार पडलं नाही म्हणजे कुणाच्याच पडणार नाही, ही खात्री झाल्यावर फोटो काढला. पालकांना मी आजवर खूप काय काय पाठवलंय, पण कडीचा फोटो पहिलाच. सात वाजायला दोन मिनिटं असताना तो गेला.

लगेच उत्तर आलं. आवाजातला निरोप होता, मागे पोळ्या भाजल्याचा आवाज.

"बघितलंय, बाईनू," ती म्हणाली. "आता खेळांदे तिका."